गरम हात

जोत्स्नाने गोळा खाल्लाच नाही.

सेमीफायनल संपली, समोरच्या मुलींशी रांगेत हात मिळवून झाले आणि ही तडक मैदानाच्या फाटकाबाहेर गेली. तिथे बर्फाच्या गोळ्याची गाडी होती. एक गोळा घेऊन ती कडुलिंबाखाली येऊन बसली. मला वाटलं, आता निवांत चोखत बसणार आणि मलाही एक घोट देणार. तिने काडी धरली आणि गोळा उजव्या हातावर, कोपर आणि मनगट यांच्या मधोमध, दाबून धरला. नारंगी सरबताचे ओघळ तिच्या पांढऱ्या युनिफॉर्मवर उतरले.

"अवं, कपडे!" मी ओरडले. "सर खाऊन टाकतीन तुले."

"म्या त्याले म्हनलं होतं, रंग टाकू नोको," ती म्हणाली. "तरी टाकलाच मेल्यानं."

"दुखते काय?"

"पाह्य ना हात लावून."

मी हात लावला. तिच्या आईची पिठाची गिरणी होती, आणि आमचं दळण तिथूनच यायचं. नुकतंच दळलेलं पीठ भरलेला डबा उचलताना जसा चटका बसतो, तसा तो हात लागला. शेजारी बर्फ ठेवलेला असूनही. वरून काही दिसत नव्हतं. थोडी सूज, तीही सांगितली तरच कळेल अशी. पण आत काहीतरी पेटलं होतं.

मी ही गोष्ट सांगते आहे ती वीस वर्षांपूर्वीची. शालेय सॉफ्टबॉल, सतरा वर्षांखालील मुली, विभागीय स्पर्धा. जोत्स्ना खंडारे आमच्या संघाची पिचर, म्हणजे मधे उभी राहून बॅटवालीला बॉल टाकणारी. मी प्रणिता काळमेघ, कॅचर, म्हणजे बॅटवालीच्या मागे तोंडाला जाळी लावून उकिडवी बसणारी आणि जोत्स्नाने टाकलेला प्रत्येक बॉल झेलणारी. आठवीपासून मी तिचे बॉल झेलत होते. तिचा हात खांद्यापासून पूर्ण गोल फिरायचा आणि बॉल मांडीजवळून सुटायचा, तो दिसायच्या आधी माझ्या ग्लोव्हमध्ये वाजायचा. मी ग्लोव्हच्या आत जुन्या चपलेचा फोम कापून घालायची, तरी रात्री भाकरी मोडताना डावा तळवा ठणकायचा. अख्ख्या जिल्ह्यात तिच्या बॉलला बॅट लावू शकणाऱ्या मुली मोजून चार असतील.

आमचे क्रीडाशिक्षक धर्माळे सर. वाईट माणूस असता तर बरं झालं असतं. राग करायला सोपं गेलं असतं. ते चांगले होते. स्वतःच्या पैशाने केळी आणायचे, पाण्यात ग्लुकोज कालवून द्यायचे, एसटी चुकली तर प्रत्येकीला घरापर्यंत सोडायचे. फक्त त्यांच्या डोक्यात एक शास्त्र पक्कं बसलं होतं. "क्रिकेटवाल्यांचे हात जातात, कारण ते वरून टाकतात," सर म्हणायचे. "आपण खालून टाकतो. विहिरीतून बादली काढणाऱ्या बायकांचे हात दुखतात का कधी?" विहिरीतून बादली काढणाऱ्या एकाही बाईला त्यांनी हे विचारलेलं नव्हतं, याची मी शपथ घ्यायला तयार आहे.

आणि सरांचा एक शब्द होता: गरम. मॅचच्या आधी पिचरने कॅचरला वीस-पंचवीस बॉल हळूहळू टाकायचे, हात मोकळा करायचा. ते झालं की सर लांबून ओरडायचे, "प्रणिता, हात गरम आहे का?" मी म्हणायची, "गरम आहे, सर!" मग सगळ्या मुली टाळ्या वाजवायच्या आणि मॅच सुरू. तीन वर्षं हा आमचा ठरलेला सवाल-जवाब होता. आमच्या शाळेत गरम हात म्हणजे चांगला हात.

त्या दिवशी एका पिचरने तीन मॅच टाकायची वेळ का आली, तेही ऐका. स्पर्धा दोन दिवसांची होती. पहिल्या दिवशी उद्घाटनाचे पाहुणे सकाळी नऊला यायचे होते, ते उगवले दीड वाजता. तोवर अकरा शाळांच्या मुली उन्हात संचलनाच्या रांगेत उभ्या. मग दीपप्रज्वलन, मग स्वागतगीत, मग पाहुण्यांचं खेळाचं महत्त्व. शेवटी पाहुण्यांनी बॅट हातात घेऊन एक बॉल मारल्यासारखं केलं, फोटो झाला, आणि दिवस गेला. राहिलेल्या मॅच दुसऱ्या दिवशीच्या मॅचवर चढवल्या. कोणी एकाने विचारलं नाही की टाकणारीला हात किती आहेत.

सकाळी आठला पहिली मॅच, अकराला सेमीफायनल. जोत्स्नाने दोन्ही पूर्ण टाकल्या, दोनशेच्या वर बॉल. आणि त्याआधीचे पंधरा दिवस रोज शाळा सुटल्यावर दीड तास सराव.

आमच्याकडे दुसरी पिचर नव्हती असं नाही. मेघना इंगळे होती. तिचा बॉल हळू यायचा, पण सरळ यायचा. सरांनी तिला वर्षभरात एकदाही मॅचमध्ये टाकू दिलं नाही. "मेघनाने टाकला की बॉल डायरेक्ट रस्त्यावर," सर म्हणायचे, आणि मेघना बिचारी सगळ्यांबरोबर हसायची.

"तू सांग ना सरले," जोत्स्ना म्हणाली. गोळा निम्मा वितळला होता. "फायनल मेघनाले देऊन द्या म्हना. मी फस्ट बेसवर उभी राह्यतो. उजव्या हातानं फेकाचं काम नाई पडत तिथं जास्त."

"तूच सांग."

"मी सांगतलं का नाटकं करून राह्यली म्हनतात. परवा म्हनले ना, वजन उचलत असशीन गिरनीत म्हून दुखते. तुहं आयकतात ते. तू कॅचर हायेस."

हे खरं होतं. पिचरच्या हाताबद्दल सर पिचरचं ऐकत नसत, कॅचरचं ऐकत.

"तुले खरंच नाई टाकता येत?" मी विचारलं.

"प्रणे," ती म्हणाली, "सकाळी वेणी आईनं घालून देल्ली. हात मांगं जात नोता."

मी उठले. सर मंडपाजवळ उभे होते, पन्नास-साठ पावलांवर. आमच्या मुली त्यांच्याभोवती केळी सोलत बसल्या होत्या. सरांनी नुकताच मोबाइल घेतला होता, आणि त्यावर ते संस्थेच्या अध्यक्षांशी बोलत होते. त्या फोनवर बोलताना सर आपोआप सावधान उभे राहायचे.

"हो साहेब, फायनल! हो, हो. आपल्या शाळेच्या इतिहासात पहिल्यांदा, साहेब. राज्याला जाणार. नाही, चिंता नाही."

मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले. त्यांनी भुवया उंचावल्या: काय?

"सर," मी म्हणाले, "जोत्स्नाचा हात गरम झालाय."

मी असंच म्हणाले. दुसरा शब्द मला सुचलाच नाही. मी नुकताच तो हात हातात धरला होता, आणि तो गरम होता.

सरांचा चेहरा उजळला. "साहेब, ऐका!" ते फोनमध्ये म्हणाले. "कॅचर स्वतः येऊन सांगते आहे, हात गरम आहे म्हणून! मी विचारायच्या आधी!" मग फोनवर तळहात ठेवून मला म्हणाले, "शाब्बास, वाघिणी! गरम आहे तोवर फायनल मारून घ्या. थंड होऊ देऊ नका तिला, बसवू नका. चालव जरा, चालव."

मुलींनी केळी खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. सवयच होती ती. मेघनानेही वाजवल्या.

मला फक्त एवढं म्हणायचं होतं: तसा नाही, सर. तीन शब्द. सर पुन्हा फोनवर गेले होते, पण मी तिथेच उभी होते आणि बोलायला जागा होती. बाही धरून ओढायलाही जागा होती. मी बोलले नाही. का बोलले नाही ते पुढे सांगते. इतक्यात सांगितलं तर तुम्ही मला इथेच सोडून द्याल.

परत आले. जोत्स्ना उभी राहिली होती, उजवा हात डाव्या हातात धरून.

"सांगतलं?"

"सांगतलं."

"मंग?"

"टाक म्हनतात."

"अन् मेघना?"

"मेघनाले नाई म्हनतात," मी म्हणाले.

सरांनी मेघनाचं नावही काढलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

तिने मान हलवली. रुसली नाही, रडली नाही. हातावरचा चिकट नारंगी रंग तिने नळाखाली धुतला आणि मला म्हणाली, "चाल, बूड टेकव मांगं. दहा बॉल टाकतो." त्या दहा बॉलांत मला कळायला हवं ते सगळं कळलं. तळवा दुखलाच नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा मला त्या फोमची गरज वाटली नाही.

फायनल अडीचला सुरू झाली. समोरच्या शाळेने सकाळपासून आमच्या दोन्ही मॅच पाहिल्या होत्या. त्यांच्या मुली जोत्स्नाच्या वेगाला घाबरूनच बॅट धरत होत्या आणि वेग गेला आहे हे त्यांच्या लक्षात यायला चार डाव लागले. तोवर आम्ही तीन रन काढून बसलो होतो. पाचव्या डावात त्यांच्या बॅटला बॉल लागायला लागला. सहाव्यात दोन रन गेले. प्रत्येक बॉलनंतर जोत्स्ना हात मांडीला चिकटवून उभी राहायची. अंपायरबाई एकदा तिच्याजवळ गेल्या. "बरी आहेस ना?" सरांनी बाहेरूनच उत्तर दिलं, "एकदम फिट, मॅडम! हात गरम आहे तिचा!"

एका पोरीला विचारलेला प्रश्न होता. तिच्या तोंडापर्यंत जाऊ तरी द्यायचा.

शेवटचा, सातवा डाव. तीन-दोन. त्यांच्या दोघी बाद झालेल्या, एक मुलगी तिसऱ्या बेसवर, म्हणजे बरोबरीच्या रनच्या तोंडाशी, आणि बॅट घेऊन त्यांची सगळ्यात उंच, डावखुरी मुलगी. तिचे दोन स्ट्राइक झाले होते, म्हणजे दोन बॉल हुकले होते. अजून एक स्ट्राइक, की संपलं. कॅचरने गुडघ्यांमध्ये बोटांनी खूण करायची असते: एक बोट म्हणजे वेगाचा बॉल, दोन म्हणजे हळू. मी एक बोट दाखवलं. का दाखवलं? सवयीने. आमच्याकडे शेवटचा बॉल वेगाचाच असायचा.

जोत्स्नाने खूण पाहिली. जाळीतून मला तिचा चेहरा स्वच्छ दिसत होता. तीन वर्षांत तिने माझी खूण एकदाही नाकारली नव्हती, आणि त्या दिवशीही नाकारली नाही. तिने दम घेतला, हात वर गेला, गोल फिरला.

आणि बॉल निघाला तो लहान मुलाने टाकल्यासारखा, तरंगत. डावखुरी वेगाच्या अंदाजाने केव्हाच बॅट फिरवून मोकळी झाली होती. बॉल तिच्या बॅटच्या मागून निवांत आला आणि माझ्या ग्लोव्हमध्ये बसला. आवाजच झाला नाही.

अंपायरबाईंनी मूठ वर केली. आम्ही जिंकलो होतो.

जोत्स्ना गुडघ्यांवर बसली होती. मुली धावत गेल्या, तिच्यावर पडल्या. त्यांना वाटलं, आनंदाने बसली. सर धावत आले, मुलींना बाजूला केलं, तिला उभं केलं आणि वर्तमानपत्राच्या फोटोग्राफरकडे तोंड करून तिचा उजवा हात मनगटाला धरून उंच उचलला.

तिने तोंड उघडलं. फोटोग्राफरने बटण दाबलं.

"काय हळू बॉल टाकला गं!" सर मला मिठी मारायचेच बाकी होते. "वेगाची खूण दाखवली आणि हळू टाकला! दोघींनी मिळून काय डोकं चालवलं! ह्याला म्हणतात खेळ!"

कोपराखालचं हाड मोडलं होतं. आधीपासून त्याला बारीक चीर होती, वापरून वापरून पडलेली, आणि त्या शेवटच्या बॉलला ते गेलं. हे आम्हाला कळलं जानेवारीत. तोवर दोन महिने ते 'लचकलेलं' होतं. सरांच्या ओळखीचा एक मालिशवाला होता, तो दर दिवसाआड येऊन मोडलेलं हाड तेल लावून चोळत होता. सर त्याचे पैसे स्वतः देत होते. मी म्हटलं ना, चांगले होते. शेवटी गिरणीवर दळायला आलेल्या एका नर्सबाईंनी तो हात पाहिला आणि जोत्स्नाच्या आईला दोन शिव्या घालून जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलं. हाड वाकडं जुळलं होतं. ऑपरेशन करून ते पुन्हा मोडलं, पट्टी बसवली, वर प्लास्टर.

मार्चमध्ये दहावीची परीक्षा होती. जोत्स्नाला पेन धरता येत नव्हता. परीक्षेला लेखनिक मागता येतो, हे ज्यांना माहीत होतं ते आमच्या विजयाच्या सत्कारांत इतके गुंतले होते की अर्जाची मुदत गेल्यावर कोणाला तरी आठवलं. ती परीक्षेला बसली नाही. पुढच्या वर्षी आईची पाठ गेली आणि गिरणी तिच्या गळ्यात आली.

आम्ही डिसेंबरमध्ये राज्य स्पर्धेला गेलो. मेघनाने टाकलं; जोत्स्ना संघाच्या यादीत होती, पण बाकावर. पहिल्याच मॅचला अकरा-शून्य हरलो आणि संध्याकाळच्या गाडीने परत आलो. पण आम्ही 'राज्य स्तरावर' खेळलो होतो. आमच्या शाळेत सातवीपासून सगळ्यांना पाठ होतं: राज्याला गेलं की दहावीत खेळाचे पंचवीस मार्क. ज्या विषयात गाडी अडेल तिथे लावायचे.

तो फोटो मोठा करून मुख्याध्यापकांच्या खोलीत लावला. खाली लिहिलं, 'विजयाचा जल्लोष'.

त्यानंतर वीस वर्षं मी गावी आले की गिरणीसमोरून जात नसे. मागच्या गल्लीने जायची. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, दुसऱ्या तालुक्यात, येणंही कमीच. यंदा धर्माळे सर निवृत्त झाले. निरोप समारंभाला जुन्या खेळाडूंना बोलावलं होतं. स्टेजच्या मागे पूर्ण भिंतभर तोच फोटो, बॅनर करून. सोळा वर्षांची जोत्स्ना, हात वर, तोंड उघडं. आणि समोर तिसऱ्या रांगेत छत्तीस वर्षांची जोत्स्ना, गिरणी बंद करून आलेली, डाव्या मांडीवर पिशवी. मला स्टेजवर खुर्ची होती. तिला नव्हती.

सर बोलायला उठले. केस पिकले होते, आवाज तोच.

"तुम्हाला ह्या फोटोमागची गोष्ट सांगतो," ते म्हणाले. "त्या दिवशी सकाळपासून दोन मॅच झालेल्या. मी पण माणूस आहे. माझ्या मनात आलं, पोरीला विश्रांती द्यावी. मेघना होती ना आपल्याकडे! खरं सांगतो, फायनल मेघनाला द्यायची हे मी ठरवत आणलं होतं. तेवढ्यात ही प्रणिता, जी आज स्टेजवर बसली आहे, ही स्वतःहून आली आणि मला म्हणाली, सर, जोत्स्नाचा हात गरम आहे. संपलं! मी म्हटलं, कॅचर सांगते आहे तर माझी काय टाप? त्या एका वाक्यावर आपण विभाग जिंकला!"

टाळ्या झाल्या. हे खरं होतं की सभेसाठी रचलेलं, देव जाणे. पण सरांचा चेहरा खोटं बोलणाऱ्याचा नव्हता. वीस वर्षं ते हीच गोष्ट सांगत आले होते, दर वर्षी नव्या मुलींना, आणि त्यात मी शूर होते.

जोत्स्ना टाळ्या वाजवत नव्हती. ती माझ्याकडे पाहत होती. तीच नजर, जाळीतून दिसली होती ती.

माझं नाव पुकारलं. मी माइकसमोर गेले. दोन पानांचं भाषण लिहून आणलं होतं, ते पर्समध्येच राहिलं.

"सर," मी म्हणाले, "तो हात तसा गरम नव्हता. सुजला होता म्हणून गरम होता. तिला टाकता येत नव्हतं. तिने मला तेच सांगायला पाठवलं होतं. आणि ह्या फोटोत ती जल्लोष करत नाहीये. ती ओरडते आहे. तिचं हाड मोडलेलं आहे आणि तुम्ही ते धरून उचललं आहे."

सर खुर्चीतून अर्धे उठले. मला वाटलं, चिडतील. मला ते चिडायला हवे होते. वीस वर्षांचं सगळं त्यांच्या अंगावर टाकायला मी तयार होते. त्यांनी मागे वळून बॅनरकडे पाहिलं. मग माझ्याकडे. आणि खरोखर न समजल्यासारखं विचारलं, "अगं, मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

सूत्रसंचालन करणाऱ्या बाई पुढे आल्या, प्रणिताताईंना भावना अनावर झाल्या असं म्हणाल्या, आणि शाल-श्रीफळ पुकारलं.

मी बाहेर आले तेव्हा जोत्स्ना फाटकाशी उभी होती. मला चुकवून जाता आलं नसतं.

"मेघनाले नाई म्हनतात, असं म्हनली होती तू," ती म्हणाली.

"हो."

"इचारलंच नोतं."

"नाई."

तिने पिशवी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली. उजवा हात अजून पूर्ण सरळ होत नव्हता. "काहून वं?" तिने विचारलं. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

"सहामाहीले गणितात अठरा होते मले," मी म्हणाले. "मेघनानं टाकलं असतं तं आपुन हारलो असतो."

हे मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने बोलले. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. मुलींनी टाळ्या वाजवल्या तेव्हा माझ्या डोक्यात जोत्स्नाचा हात नव्हता, घाबरटपणा नव्हता, सरांचा धाकही नव्हता. पंचवीस हा आकडा होता.

"अन् बोर्डात किती पडले?"

"एकोनीस."

"पास व्हाले पस्तीस लागतात."

"हो. सोळा लागले."

तिने मान हलवली. ओठ हलले, मनातल्या मनात वजाबाकी केली तिने, गिऱ्हाइकाच्या दळणाची करत असेल तशी. मग पिशवी सावरली आणि रस्त्याला लागली. चार पावलं जाऊन थांबली.

"म्हंजे नऊ उरले तुहे," ती म्हणाली. "माहे तं पंचवीसच्या पंचवीस तसेच पडून हायेत. तुह्या शाळेत कोन्या पोरीले लागत असन तं सांगजो."